कण्हेरीच्या नावाचा पतंग

पावसाळ्यात पुण्यातल्या सोसायट्यांमधल्या तगरीचे शेंडे अचानक बोडके दिसू लागतात. खाली फरशीवर जाड लेंड्या पडलेल्या असतील, तर वर फांदीवर बोटाएवढी हिरवीगार अळी हमखास सापडते. मानेशी निळे-पांढरे दोन टपोरे डोळे, शेपटीवर आखूड पिवळसर काटा. डोळे खोटे असतात. अळीला डिवचलं की ती डोकं आत ओढून मान फुगवते आणि ते ठिपके एकदम मोठे दिसतात. बघणारा दचकतो, आणि बिचारी विषारी समजून मारली जाते. प्रत्यक्षात ती चावत नाही, तिला हात लावल्यानं खाजही सुटत नाही.

ही ओलिएंडर हॉक मॉथ या पतंगाची अळी; ओलिएंडर म्हणजे कण्हेर. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसनं १७५८ साली या पतंगाला ‘स्फिंक्स नेरीआय’ असं नाव दिलं. यातलं ‘नेरीआय’ हे कण्हेरीच्या ‘नेरियम’ या शास्त्रीय नावावरून आलं. ‘स्फिंक्स’ हा त्यानं केलेला एक मोठा गट. या गटातल्या अळ्या मान उंचावून स्थिर बसतात, इजिप्तमधल्या त्या दगडी मूर्तीसारख्या. पुढे हा पतंग ‘डॅफ्निस’ या प्रजातीत गेला, पण कण्हेर त्याच्या नावात राहिली ती राहिलीच.

आपल्याकडच्या हॉक मॉथांचा सविस्तर अभ्यास केला तो टी. आर. बेल यांनी. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कारवार भागात ते वनाधिकारी होते. नुसते पतंग टाचून ठेवण्यापेक्षा त्यांनी अळ्या पाळल्या, त्या काय खातात ते पाहिलं. एफ. बी. स्कॉट यांच्यासोबतचा त्यांचा ग्रंथ १९३७ साली आला. अळीशिवाय पतंग कळत नाही, हे मला त्यांच्याच कामामुळे पटलं.

कण्हेर, तगर, सदाफुली, सगळी एकाच कुळातली. कण्हेरीचा चीक माणसाच्या हृदयाला घातक, या अळीचं मात्र ते रोजचं जेवण. शहरानं हीच झाडं दुभाजकांवर, बागांत, कुंड्यांत लावली, त्यामुळे तिला टेकडीवर जायची गरजच उरली नाही.

अडचण येते ती शेवटी. पूर्ण वाढलेली अळी तपकिरी पडते, झाडावरून उतरते आणि कोष करायला पालापाचोळा शोधते. तिथे फरशी असते. कुंडीत थोडी वाळकी पानं राहू दिली, तर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या संध्याकाळी हिरव्या-गुलाबी नक्षीचा, वीतभर नसला तरी तळहाताएवढा पतंग कठड्यावर पंख वाळवत बसलेला दिसतो.