२० टक्के की दीड टक्का? आकडे दोन्ही खरे, वाद मात्र भलताच

वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाची ‘सिलेक्ट’ चाचणी नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून एकच वाद ठरावीक अंतराने उकरून काढला जातो. एक बाजू म्हणते, या इंजेक्शनाने हार्ट अटॅकचा धोका २० टक्क्यांनी घटतो. दुसरी म्हणते, ही धूळफेक आहे, खरा फायदा जेमतेम दीड टक्का. दोघंही एकाच तक्त्याकडे बोट दाखवतात आणि आकडा दोघांचाही बरोबर असतो.

तक्ता असा. वय ४५ किंवा जास्त, बीएमआय किमान २७, मधुमेह नाही, पण हृदयरोग, पक्षाघात किंवा पायांच्या धमन्यांचा आजार आधीच झालेला, अशी १७,६०४ माणसं. पाठपुरावा सरासरी ३९.८ महिने. हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, जीव वाचलेला हार्ट अटॅक किंवा जीव वाचलेला पक्षाघात, यांपैकी जे पहिलं घडेल ते मोजलं. प्लासिबोवरच्या, म्हणजे औषध नसलेलं नकली इंजेक्शन घेणाऱ्या, ८,८०१ पैकी ७०१ जणांच्या बाबतीत असं काही घडलं, म्हणजे शेकडा ८. औषधावरच्या ८,८०३ पैकी ५६९, म्हणजे शेकडा ६.५. मूळच्या ८ च्या तुलनेत किती कमी झालं हे विचारलं तर साधारण २० टक्के, ही सापेक्ष घट. सरळ वजाबाकी केली तर दीड, ही निरपेक्ष घट. (भागाकार करून पाहणाऱ्यांना १९ मिळतील. २० हा आकडा हॅझर्ड रेशोतून, म्हणजे दोन गटांत घटना घडण्याच्या वेगांच्या गुणोत्तरातून येतो, आणि त्यात घटना कधी घडली हेही धरलेलं असतं. घटना इतक्या विरळ असताना या फरकावर डोकं शिणवू नये.)

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पाय घसरतो तो पुढच्या पायरीवर. ‘सापेक्ष म्हणजे जाहिरात, निरपेक्ष म्हणजे सत्य’ असं एक नवं सुभाषित सध्या जोरात आहे, आणि ते म्हणणारे स्वतःला चिकित्सक समजतात. मला तर बातम्यांतल्या ढोबळ ‘२० टक्क्यां’पेक्षा हाच गैरसमज जास्त खटकतो. ‘२० टक्के’ ऐकून कुणाची दिशाभूल झाली तर तो निदान पुढे प्रश्न तरी विचारतो. ‘फक्त दीड टक्का’ ऐकलेला माणूस विषयच मिटवून टाकतो.

सापेक्ष घट ही बऱ्याच अंशी औषधाची असते. निरपेक्ष घट औषधाची, त्या चाचणीतल्या माणसांची आणि तेवढ्या महिन्यांची मिळून असते. म्हणून पहिला आकडा एका गटातून दुसऱ्या गटात, थोडं जपून का होईना, नेता येतो. दुसरा नेता येत नाही. तो दर माणसागणिक नव्याने काढावा लागतो.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचं उदाहरण घ्या, कारण तिथे माहिती सर्वांत भक्कम आहे. कोलेस्टेरॉल ट्रीटमेंट ट्रायलिस्ट्स या गटाने अनेक चाचण्यांची एकेका रुग्णाची माहिती एकत्र केली आहे. त्यातून निघालेला हिशेब असा: एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, लिटरमागे १ मिलिमोलने (डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिग्रॅने) उतरलं, की हार्ट अटॅक, पक्षाघात आणि अँजिओप्लास्टी-बायपास यांचं एकत्रित प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतं. २०१२ मध्ये याच गटाने २७ चाचण्यांतून दाखवलं की पुढच्या पाच वर्षांतला धोका १० टक्क्यांहून कमी असलेल्यांमध्येही सापेक्ष घट काही कमी भरत नाही. आता तीन माणसं समोर ठेवा. पुढच्या दहा वर्षांतला धोका पहिल्याचा ५ टक्के, दुसऱ्याचा २०, आणि आधीच झटका येऊन गेलेल्या तिसऱ्याचा ४०. तिघांचंही एलडीएल तेवढ्याच ३९ मिग्रॅने उतरलं. पहिल्याचे ५ चे ३.९ होतात, दुसऱ्याचे २० चे १५.६, तिसऱ्याचे ४० चे ३१.२. हजारी मोजायचं तर अनुक्रमे ११, ४४ आणि ८८ जणांवरचं संकट टळलं. सापेक्ष घट तिघांची एकच, निरपेक्ष घटीत आठपट तफावत. तिसऱ्यासारख्यांवर झालेल्या चाचणीतला आकडा पहिल्याला सांगणं ही फसवणूक, आणि पहिल्यासारख्यांचा आकडा दाखवून तिसऱ्याला गोळी सोडायला लावणं हा निष्काळजीपणा.

सापेक्ष आकडाही डोळे मिटून न्यायचा नसतो. वरचे २२ टक्के दर गोळीमागे नाहीत, दर ३९ मिग्रॅमागे आहेत. जोरकस मात्रेने एलडीएल निम्म्यावर येतं असं धरा. १९० वरून ९५ वर आलेल्याला सुमारे ४५ टक्के घट मिळते. ८० वरून ४० वर आलेल्याला तीच गोळी जेमतेम २२ टक्के देते. शिवाय या घटी बेरजेने वाढत नाहीत. दोनदा २२ म्हणजे ४४ नव्हे, ०.७८ गुणिले ०.७८ म्हणजे ०.६१, अर्थात ३९ टक्के. दोन वेगळ्या औषधांची घट २० आणि २५ असेल तर मिळून ४० होते, ४५ नाही. आणि ज्या प्रकारच्या माणसांवर चाचणीच झाली नाही, त्यांच्यापर्यंत सापेक्ष आकडाही पोचत नाही. सिलेक्टमधल्या प्रत्येकाला रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता. केवळ वजन जास्त असलेल्या, बाकी धडधाकट माणसाला ते २० टक्के लावणं म्हणजे अंदाजाला पुराव्याचे कपडे घालणं.

‘निरपेक्ष म्हणजे सत्य’वाल्यांनी ‘फूरिए’ चाचणीचा तक्ता एकदा नीट पाहावा. २०१७, इव्होलोक्युमॅब हे एलडीएल उतरवणारं इंजेक्शन, २७,५६४ रुग्ण, पाठपुरावा सुमारे २६ महिने. मुख्य निकषात पाच गोष्टी होत्या: हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, अस्थिर अंजायनासाठी (आराम करतानाही उठणारी छातीतली कळ) भरती, आणि हृदयाच्या धमन्यांवर अँजिओप्लास्टी किंवा बायपास. त्यात शेकडा ११.३ चे ९.८ झाले. दुय्यम निकषात फक्त पहिल्या तीन गोष्टी, त्यात ७.४ चे ५.९. सापेक्ष घट एकीकडे १५ टक्के, दुसरीकडे २०. निरपेक्ष घट दोन्हीकडे दीड. आणि सिलेक्टमध्येही दीडच! मग तिन्ही ‘दीड’ सारखे? नाहीत. फूरिएतला दीड २६ महिन्यांत मिळाला, सिलेक्टमधला ४० महिन्यांत. फूरिएच्या एका दीडमध्ये अँजिओप्लास्टी मोजलेली आहे, दुसऱ्यात नाही. आणि फूरिएत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. सिलेक्टमध्ये ते १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण ही घट संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडेच राहिली, म्हणजे तो योगायोगही असू शकतो. काय मोजलं आणि किती काळ मोजलं हे न सांगता दिलेला निरपेक्ष आकडा तितकाच आंधळा.

कालावधी गाळणं ही तर सर्रास होणारी चूक. २००८ च्या ‘ज्युपिटर’ चाचणीत रोसुवास्टॅटिन या स्टॅटिनने हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांत ४४ टक्के घट दिसली. वर्षाला शंभर जणांमागे १.३६ घटनांच्या जागी ०.७७. फरक ०.५९, हे वाचून कुणी नाक मुरडतं. पण तो एका वर्षाचा आहे आणि गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते. उलट बाजूने, ही चाचणी सरासरी दोन वर्षांच्या आतच थांबवली गेली, आणि फायदा दिसताच लवकर थांबवलेल्या चाचण्यांत सापेक्ष घट फुगलेली निघण्याकडे कल असतो. सरळ गुणाकारानेही भागत नाही, कारण स्टॅटिनचा परिणाम पहिल्या वर्षी कमी आणि नंतरच्या वर्षांत जास्त असतो.

स्वतःचा हिशेब करायचा तर क्रम साधा आहे. आधी मूळ धोका काढा, त्याला चाचणीतल्या हॅझर्ड रेशोने गुणा (२० टक्के घट म्हणजे ०.८), मग वजाबाकी. गडबड होते ती मूळ धोका काढताना. २००३ चं ‘स्कोअर’ हे धोका मोजायचं युरोपीय कॅल्क्युलेटर फक्त मृत्यूचा धोका सांगायचं. २०२१ चं ‘स्कोअर२’ जीव वाचलेले झटकेही धरतं. जुना आकडा नव्या चाचणीच्या रेशोने गुणला की फायदा भलताच लहान दिसतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं २०२३ चं ‘प्रिव्हेंट’ एकूण धोका, धमन्या चोंदण्याच्या आजाराचा धोका आणि हार्ट फेल्युअरचा धोका असे वेगवेगळे आकडे देतं. चाचणीने झटके आणि पक्षाघात मोजले असतील तर दुसरा आकडा घ्या. एकूण धोका घेतलात तर हार्ट फेल्युअरचीही त्यात भर पडते आणि फायदा वाढीव दिसतो. आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्याचा धोका स्टॅटिनसकट निघतो, त्याला पुन्हा स्टॅटिनचा रेशो लावू नका. आणि झटका येऊन गेलेल्यांसाठी ही दोन्ही कॅल्क्युलेटर नाहीतच. त्यांच्यासाठी ‘स्मार्ट२’सारखी वेगळी साधनं आहेत.

एनएनटीबद्दल, म्हणजे एकाची घटना टळायला किती जणांना औषध द्यावं लागतं त्या आकड्याबद्दल, दोन शब्द, कारण तो निरपेक्ष घटीचाच उलटा अवतार. शंभर भागिले सिलेक्टमधला दीड, म्हणजे ६७. ‘६७ जणांनी औषध घ्यायचं तेव्हा एकाचं भलं, बाकी ६६ जणांना शून्य’ हे वाक्य शक्य तिथे खोडून टाकावं. ६७ हा ४० महिन्यांत टळलेल्या पहिल्या घटनांचा हिशेब आहे. एकाच माणसाचा दुसरा झटका टळला तर त्यात येत नाही, आणि पन्नासाव्या महिन्यावर ढकलला गेलेला झटका न आलेल्या झटक्यात धरला जातो. उरलेल्या ६६ जणांबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. एनएनटी सांगायचाच तर महिन्यांसकट सांगा, नाहीतर सरळ म्हणा: हजार जणांमागे ४० महिन्यांत ८० ऐवजी ६५. माझी पसंती कायम यालाच.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे फायदा एका मापाने आणि तोटा दुसऱ्या मापाने सांगणं. २०१८ च्या ‘असेंड’ चाचणीत मधुमेह असलेल्या, पण रक्तवाहिन्यांचा आजार नसलेल्या १५,४८० जणांना सरासरी ७.४ वर्षं ॲस्पिरिन किंवा प्लासिबो दिलं. गंभीर रक्तवाहिनी-घटना ९.६ वरून ८.५ वर आल्या, मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेले. ॲस्पिरिन खपवायचं असेल तर म्हणा ‘१२ टक्के फायदा, रक्तस्राव फक्त ०.९ टक्क्याने जास्त’. घाबरवायचं असेल तर ‘फायदा फक्त १.१ टक्का, रक्तस्राव २९ टक्क्यांनी जास्त’. एकाच मापाने सांगितलं तर हजारी ११ जणांचा फायदा, हजारी ९ जणांचा तोटा, आणि मग निर्णय खरोखर अवघड आहे हे लगेच कळतं.

तोट्यालाही स्वतःचा मूळ धोका असतो हे मात्र जवळपास कुणीच मोजत नाही. स्टॅटिनने मधुमेह होतो या भीतीचं पाहा. कोलेस्टेरॉल ट्रीटमेंट ट्रायलिस्ट्सच्या २०२४ च्या विश्लेषणात कमी-मध्यम मात्रेने नव्या मधुमेहाचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं, म्हणजे वर्षाला शेकडा १.२ चं १.३ झालं. जोरकस मात्रेने ३६ टक्के, वर्षाला ३.५ चं ४.८. पण ही वाढ सगळ्यांत सारखी पसरलेली नव्हती. नव्या निदानांपैकी बहुतेक अशा लोकांत झाली ज्यांची साखर आधीच निदानाच्या रेषेजवळ होती. एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.३ असलेला माणूस ६.५ ची रेषा थोड्याशा ढकलण्यानेही ओलांडतो, ५.२ असलेला बहुधा ओलांडत नाही. म्हणून ‘१० टक्के’ किंवा ‘०.१ टक्का’ सांगण्याआधी रिपोर्टमधला तो एक आकडा विचारून घ्या.