स्ट्रीमर बांधताना: वजन कुठे, केस किती

स्ट्रीमर ही छोट्या माशाची नक्कल करणारी फ्लाय, म्हणजे गळावर केस, पिसे दोऱ्याने बांधून केलेले कृत्रिम आमिष. ती पाण्याखालून झटके देत ओढायची असते, म्हणून ती दिसते कशी यापेक्षा वागते कशी, हे आधी पाहायचे. शिकारी मासा भक्ष्य नुसत्या डोळ्यांनी शोधत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना डोक्याकडून शेपटीकडे गेलेली पार्श्वरेषा असते. तिच्यातल्या संवेदनपेशींना आजूबाजूच्या पाण्याची बारीक हालचालही कळते. केस भरगच्च भरलेली फ्लाय वाईसवर (बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्यावर) देखणी दिसते, पण पाण्यात तिचे केस एकमेकांना धरून बसतात, सळसळत नाहीत. शिवाय अशी फ्लाय लवकर बुडत नाही.

शिकायला क्लाउजर मिनो ही स्ट्रीमर घ्यावी. बॉब क्लाउजर यांनी १९८०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास या माशासाठी ती तयार केली, आणि आज ती समुद्रातही तितकीच चालते. गोड्या पाण्यासाठी ४ किंवा ६ नंबरचा गळ आणि साधारण अर्ध्या ग्रॅमचे धातूचे डंबेल डोळे (मध्ये खाच, दोन्ही टोकांना गोळे) घ्या. खाऱ्या पाण्यासाठी १/० चा गळ आणि साधारण १ ग्रॅमचे डोळे. (नुसता नंबर वाढला की गळ लहान होतो, १/०, २/० या मापांत मात्र मोठा.) दोरा लहान गळाला १४० डेनियरचा (हे दोऱ्याच्या जाडीचे माप), मोठ्याला २१०चा.

गळ वाईसमध्ये घट्ट धरून दांडीवर दोऱ्याचा एक थर द्या. गुळगुळीत धातूवर डोळे फिरतात, या थरावर ते रुततात. गळाच्या डोळ्यापासून (दोरी ओवायच्या भोकापासून) दांडीच्या एक तृतीयांश अंतरावर डंबेल वरच्या बाजूला आडवे ठेवा आणि दोन्ही दिशांनी तिरपे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दहाबारा वेढे घ्या. मग डंबेलच्या खाली, पण दांडीच्या वर, पाचसहा आडवे वेढे द्या. हेच वेढे तिरप्या वेढ्यांना आवळतात, आणि नवशिके नेमके हेच विसरतात. शेवटी सुपरग्लूचा एक थेंब. वाळल्यावर डंबेल बोटांनी पिळून पाहा. ते हलले तर पुढे जाऊ नका, सोडून पुन्हा बांधा.

डोळे वरच का? गळाचा बाक आणि टोक दांडीखाली असतात, म्हणून एरवी टोक खाली राहते. वर बांधलेले वजन त्याला पुरून उरले की जड बाजू खाली जाते, टोक वर येते आणि गळ तळाच्या दगडांत कमी अडकतो. वजन पुढे असल्याने ओढ थांबताच फ्लाय नाक खाली घालून बुडते आणि पुढच्या झटक्याला वर उचलली जाते. जखमी मासा असाच डचमळतो. मासे पुष्कळदा त्या थांब्यातच झडप घालतात.

आता हरणाच्या शेपटीचे केस. शेपटीच्या बुडाकडचे केस पोकळसर असतात आणि दोऱ्याखाली फुलारतात. सडपातळ फ्लायला टोकाकडचे घ्यावेत. आवळलेला झुबका आगकाडीच्या अर्ध्या जाडीचा पुरे. टोके धरून बुडाची लव आणि आखूड केस ओढून टाका, पण टोके एका रेषेत आणू नका, नाहीतर फ्लायचा रंगाचा ब्रश होतो. लांबी दांडीच्या दोनअडीच पट.

पांढरा झुबका डंबेलच्या पुढे बांधा, केस त्याच्या खाचेवरून मागे न्या आणि डंबेलच्या मागेही दोनचार वेढ्यांनी दाबा. मग गळ उलटा धरा. चमकीचे सहाआठ धागे आणि त्यावर हिरवा किंवा करडा झुबका, दोन्ही फक्त डंबेलच्या पुढे बांधा. पाण्यात पांढरा रंग पोटाकडे येतो आणि गडद पाठीकडे, अगदी खऱ्या माशासारखा. केसांची बुडे तिरपी कापा. सरळ कापली तर डोक्याजवळ पायरी होते आणि वेढे घसरतात. गाठीसाठी गळाच्या डोळ्यामागे निदान दोन मिलिमीटर जागा हवी.

बादलीभर पाण्यात फ्लाय ओढून पाहा. ती कुशीवर झाली तर डंबेल तिरके बसले आहे. टोक खालीच राहिले तर गळाच्या मानाने डोळे हलके आहेत.

क्लाउजर जमली की लेफ्टी क्रे यांची डिसीव्हर ही स्ट्रीमर बांधायला हरकत नाही. तिच्यात कोंबड्याची लांब पिसे दांडीच्या मागच्या टोकाला असतात, तीनचारांचे दोन गट, आतल्या वळणांनी एकमेकांसमोर. पिसे गळाच्या बाकाभोवती गुंडाळली गेली तर फ्लाय वाकडी पोहते आणि मासा तिला तोंड लावत नाही. त्यासाठी पुढे बांधलेली केसांची कॉलर बाकाच्या मागे जाईल इतकी लांब ठेवावी; तीच पिसांना आधार देते.

समुद्रासाठी गळ स्टेनलेस किंवा कथलाचा मुलामा दिलेला हवा. तरीही प्रत्येक वापरानंतर फ्लाय गोड्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच डबीत ठेवा. ओल्या केसांत मीठ राहते, आणि एका गळाचा गंज डबीतल्या बाकीच्या पांढऱ्या केसांवरही उतरतो.