गादीचं ऑपरेशन की रॉड-स्क्रूचं? दोन्ही मणक्याचीच, पण पथ्यं वेगळी

‘मणक्याचं ऑपरेशन झालंय’ या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. मायक्रोडिस्केक्टॉमीत दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीचा नसेवर रुतलेला तुकडा काढतात. फ्युजनमध्ये दोन मणके स्क्रू-रॉडने बांधतात आणि ते एकमेकांना जुळावेत म्हणून हाडाचे बारीक तुकडे भरतात. शेजारचे काका तीन आठवड्यांत ऑफिसला जायला लागले, मग आपली आई अजून घरीच का, ही काळजी बहुतेकदा या घोटाळ्यातून येते.

मायक्रोडिस्केक्टॉमीचा छेद २-३ सेंटिमीटरचा. बहुतेक पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातात. पायातली कळ बऱ्याचदा लगेच थांबते, बधिरपणा मात्र काही महिने रेंगाळू शकतो. कळ थांबली की माणूस बरा झाला असं वाटतं आणि इथेच फसगत होते. गादीच्या बाहेरच्या कड्याला पडलेलं भोक सहसा शिवत नाहीत, ते आपलं आपण भरतं. ते भरायच्या आत वाकून वजन उचललं, तर गादीच्या आत उरलेला गर त्याच वाटेने पुन्हा बाहेर येऊ शकतो. म्हणून साधारण सहा आठवडे वाकणं, पिळणं, उचलणं बंद. भरलेली १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो, हे लक्षात असू द्या. सुरुवातीला एका बैठकीला २०-३० मिनिटंच बसावं. चालणं मात्र रोज थोडं थोडं वाढवावं.

फ्युजनचं गणित हाडावर चालतं. स्लॅबला सेंटरिंग लावतात तसे हे स्क्रू. हाड जुळेपर्यंत आधार देणारे. (फक्त हे सेंटरिंग सहसा काढत नाहीत.) हाड पक्कं जुळायला ६ ते १२ महिने लागतात. जुळलंच नाही, तर सगळा भार धातूवर पडत राहतो आणि महिन्यांनी स्क्रू ढिला होतो किंवा रॉड मोडतो. टेबलावरच्या कामालाही दीड ते तीन महिने थांबावं लागतं.

म्हणून फ्युजनची तयारी आधीपासून लागते, आणि त्यात सगळ्यात मोठा शत्रू तंबाखू. डॉक्टर विचारतात, ‘सिगारेट ओढता का?’ आजी खरं तेच सांगतात, ‘नाही.’ पण सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री असते! निकोटिन धुरातून येवो की हिरड्यांतून, हाड जुळणं मंदावतंच. किमान चार आठवडे आधी मिश्री, गुटखा, विडी सगळं सोडा आणि नंतरही हात लावू नका. वयस्कर बायकांनी हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाही. फ्युजननंतर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या पुष्कळ सर्जन काही आठवडे टाळायला सांगतात. घरातली जुनी पाकिटं विचारल्याशिवाय उघडू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दोन्हीकडे आधी सांगायच्या, पण स्वतःहून बंद करायच्या नाहीत. घरात कमोडची सोय आणि गुडघ्याच्या उंचीचा पलंग हवा. जमिनीवरची गादी नको.

उठण्याची रीत दोन्हीकडे सारखीच, आणि ती ऑपरेशनच्या आधी घरी दहादा करून बघावी. उताणं झोपलेलं असताना गुडघे दुमडायचे. खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवत कुशीवर यायचं. पाय पलंगाखाली सोडताना कोपराने आणि तळव्याने रेटा देत बसायचं. घरच्यांनी प्रेमापोटी हात धरून ओढायचं नाही. त्या ओढीत कंबर पिळते.

ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, पोटरीला सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लघवी अडली, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिर झालं किंवा पाऊल एकाएकी लुळं पडलं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालय गाठा.