टीडीएस कमी म्हणजे गोदावरी स्वच्छ, असं नाही

नाशिकच्या रामकुंडात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर बुडवायचा, आकडा लिटरला 500 मिलिग्रॅमच्या खाली दिसला की पाणी शुद्ध समजायचं, हा समज सोडायलाच हवा. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. मैल्यातले जिवाणू त्याला दिसतच नाहीत. नाल्याचं पाणी मिसळूनही आकडा 500 च्या आत राहू शकतो.

आंघोळीच्या पाण्याचे निकष वेगळेच आहेत: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत, मैल्यातले कोलिफॉर्म जिवाणू 100 मिलिलिटरमध्ये 500 पर्यंत, फार तर 2500.

ऑक्सिजनचा नमुना सर्वांत नाजूक. 300 मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली हळूहळू भरा; आत एक बुडबुडा राहिला तरी हवेतला ऑक्सिजन मिसळून आकडा फसवा येतो. घाटावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड प्रत्येकी 2 मिलिलिटर घाला, झाकण लावून हलवा. साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाहीच, आणि अशा पाण्यात बहुतेक मासे जगत नाहीत.

जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी घ्या, तोंड प्रवाह जिकडून येतो तिकडे धरून भरा आणि बर्फाच्या पेटीतून शक्यतो 6 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा.