बँडच्या नावातले मीटर आणि तारेचे मीटर: हॅम बँडांच्या नावांची पार्श्वभूमी

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या 15 मीटर बँडचा (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा) डायपोल, म्हणजे मध्यभागी जोडणी दिलेला अर्ध्या लहरीचा तारेचा अँटेना, करायचा म्हणून नावाच्या निम्मी, म्हणजे साडेसात मीटर तार कापली, तर अँटेना 19.1 मेगाहर्ट्झच्या आसपास रेझोनन्सला येतो, म्हणजे तिथे नीट जुळतो. बँड मात्र 21 ते 21.45 मेगाहर्ट्झचा आहे. हाच हिशेब 40 मीटरला लावला, तर 20 मीटरची तार 7.15 मेगाहर्ट्झवर, थेट बँडात बसते. एकच रीत इथे जमते आणि तिथे फसते, याचं कारण ही नावं केव्हा आणि कशी पडली त्यात सापडतं.

रेडिओच्या सुरुवातीच्या काळात लोक मोजायचे ती तरंगलांबी. समांतर तारांवर स्थिर लहरींची शिखरं शोधायची आणि अंतर पट्टीने मोजायचं. त्यामुळे कायदेही मीटरमध्येच लिहिले गेले. अमेरिकेच्या 1912 च्या कायद्याने हौशी मंडळींना 200 मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकललं; तो भाग तेव्हा टाकाऊ समजला जाई. नोव्हेंबर 1923 मध्ये सुमारे 110 मीटरवर अटलांटिक ओलांडून दुतर्फा संपर्क झाला आणि टाकाऊ माल एकदम मोलाचा ठरला. 1924 मध्ये अमेरिकेत 75–80, 40–43, 20–22 आणि 4–5 मीटर असे पट्टे हौशींना मिळाले. 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेने 160, 80, 40, 20, 10, 5 ही दुपटीची साखळी आंतरराष्ट्रीय केली. या रचनेचा एक फायदा असा की प्रेषकाचा दुसरा हार्मोनिक (हार्मोनिक म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतली लहर; दुसरा म्हणजे दुप्पट) बहुतेक वेळा हौशींच्याच पुढच्या बँडात पडतो.

आता 40–43 या पट्ट्याला नाव मिळालं 40, म्हणजे आखूड टोकाचं. 7.1 मेगाहर्ट्झची खरी तरंगलांबी (300 भागिले मेगाहर्ट्झ) 42.25 मीटर, नाव त्याहून सुमारे 5 टक्के कमी. आणि तारेच्या टोकांच्या परिणामामुळे अर्धतरंग डायपोलही हिशेबापेक्षा साधारण 5 टक्के आखूड कापावा लागतो. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून 80, 40, 20 आणि 10 मीटरला 'नावाच्या निम्मे' चालून जातं. हा निव्वळ योगायोग आहे.

नंतर आलेल्या बँडांना हे भाग्य नाही. 21 मेगाहर्ट्झचा बँड 1947 च्या अटलांटिक सिटी परिषदेत आला; तरंगलांबी 14 ते 14.3 मीटर, नाव 15. 1979 च्या परिषदेतून 30, 17 आणि 12 मीटर आले. 10.1 मेगाहर्ट्झला 30 हे नाव जवळपास खरं आहे, पण म्हणूनच 15 मीटर तार लांब पडते आणि 9.5 वर उतरते. 2015 मधल्या 60 मीटरचं तर विचारूच नका: 5.36 मेगाहर्ट्झची लहर 56 मीटरची आहे.

म्हणून मीटर बाजूला ठेवा. डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये 143 भागिले मेगाहर्ट्झ. 21.2 साठी 6.75 मीटर, प्रत्येक बाजू 3.37. प्लॅस्टिक आवरणाची तार आणखी 2 ते 4 टक्के आखूड लागते. तरी आधी दोन-तीन टक्के लांबच कापा, वर टांगा, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप) सर्वांत कमी कुठे येतो ते पाहा आणि दोन्ही बाजू सारख्या छाटत जा. जमिनीपासून हातभर उंचीवर घेतलेलं माप वर टांगल्यावर टिकत नाही.

जुन्या साखळीवर फार भिस्त ठेवणंही महागात पडतं. 80 चा मध्यभागी फीड दिलेला डायपोल 40 वर चालत नाही. तिथे तो पूर्णतरंग होतो आणि मध्यबिंदूचा इंपीडन्स (विद्युत अवरोध) हजारो ओहमांवर जातो. टोकाला 49:1 ट्रान्सफॉर्मर (इंपीडन्स 49 पट उतरवणारा) लावलेली अर्धतरंग तार मात्र याच साखळीवर जगते. 40 चा डायपोल तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे 15 मीटरला चालतो असं सगळेच सांगतात. पण आखूडपणा फक्त दोन टोकांना लागतो, मधल्या अर्धलहरींना नाही, त्यामुळे 7.1 ला कापलेली तार 21.45 च्याही वर रेझोनन्सला जाते. 15 हवाच असेल, तर ती 7 मेगाहर्ट्झ बँडच्या खालच्या टोकाला कापा आणि ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवणारं यंत्र) जवळ ठेवा.

एचएफ, व्हीएचएफ, यूएचएफ (उच्च, अतिउच्च आणि त्याहून उच्च फ्रिक्वेन्सी) ही नावं वेगळ्याच पातळीची. त्यांच्या सीमा 3, 30, 300 मेगाहर्ट्झ अशा आहेत, कारण तिथे तरंगलांबी बरोबर 100, 10 आणि 1 मीटर येते. या मापाने 160 मीटर बँड एचएफ नसून एमएफ (मध्यम फ्रिक्वेन्सी) आहे, हे एचएफ सेट विकत घेताना कुणाच्या लक्षात येत नाही. 'व्हीएचएफ-यूएचएफ अँटेना' असं लिहिलेला दांडा सहसा फक्त 2 मीटर आणि 70 सेंटिमीटरचा असतो. 50 मेगाहर्ट्झही व्हीएचएफच, पण तिथे तो निरुपयोगी. 2 मीटर आणि 70 सेंटिमीटरची जोडी जमते ती 145 मेगाहर्ट्झची तिप्पट 435 होते म्हणून. सुमारे 49 सेंटिमीटरची क्वार्टर वेव्ह (पाव लहरीची) दांडी 70 सेंटिमीटरवर पाऊण लहर बनते. एसडब्ल्यूआर छान दिसतो, फक्त बरीचशी शक्ती क्षितिजाऐवजी वरच्या कोनात निघून जाते.