टेम्पलरांच्या इंग्लंडमधील शेतीचे हिशेब: पार्श्वभूमी

नाईट्स टेम्पलर म्हटले की पांढऱ्या झग्यावरचा तांबडा क्रूस, जेरुसलेम आणि कुठेतरी पुरलेला खजिना आठवतो. इंग्लंडमध्ये या लढवय्या धर्मसंघाची खरी दौलत मात्र सगळ्यांच्या नजरेसमोर होती: नांगरलेली शेते, मेंढ्यांचे कळप, पाणचक्क्या आणि कुळांकडून येणारा खंड. त्या दौलतीचा धान्याच्या मापापर्यंत उतरणारा हिशेब लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येतो. तो लिहिला टेम्पलरांची मालमत्ता जप्त करणाऱ्या राजाच्या कारकुनांनी. संघ बुडाला म्हणून हे कागद जन्माला आले, आणि ते वाचताना ही गोष्ट क्षणभरही विसरता येत नाही.

संघाची स्थापना १११९च्या सुमारास जेरुसलेममध्ये झाली. ११२८ मध्ये त्याचा पहिला प्रमुख ह्यूग द पायां इंग्लंडला आला आणि जमिनींच्या देणग्यांना सुरुवात झाली. धर्मयुद्धावर स्वतः जाणे प्रत्येकाला शक्य नव्हते, पण आत्म्याच्या कल्याणासाठी जमीन दान देणे अनेकांना जमत होते. ११३७ मध्ये राणी माटिल्डाने एसेक्समधील क्रेसिंग दिले. तेथील तेराव्या शतकातील लाकडी कोठारांपैकी बार्लीचे आणि गव्हाचे अशी दोन प्रचंड कोठारे आजही उभी आहेत. या जमिनींकडून अपेक्षा एकच होती: शेतीतून पैसा निघावा आणि त्यातला हिस्सा पूर्वेकडील युद्धासाठी जावा.

देणग्या विखुरलेल्या होत्या. कुठे अख्खे गाव, कुठे चार एकर, कुठे नुसता चक्कीचा हक्क. त्यामुळे इंग्लंडमधील प्रमुख जेफ्री फिट्झस्टीफन याने ११८५ मध्ये सगळ्या मालमत्तेची पाहणी करवून घेतली. कोणत्या कुळाकडे किती जमीन, त्याने किती खंड द्यायचा, कापणीला किती दिवस वेठीला यायचे, असे सारे तीत नोंदले आहे. यॉर्कशरमधील न्यूसम आणि ग्लॉस्टरशरमधील गाइटिंगजवळ लोकरी कापड कुटून घट्ट करणाऱ्या पाणचक्क्या असल्याचेही तीत दिसते. इंग्लंडमधील अशा चक्क्यांच्या सर्वांत जुन्या उल्लेखांत यांची गणना होते. पण पाहणी म्हणजे एका क्षणाची स्थिती. वर्षभर काय पिकले, काय विकले, काय खाल्ले हे तिच्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी वार्षिक हिशेब लागतात. तेराव्या शतकात इंग्लंडच्या मोठ्या जमीनदारांनी जमिनी मक्त्याने देण्याऐवजी स्वतः कसायला घेतल्या, आणि गावातील कारभाऱ्याकडून दरवर्षी हिशेब घेण्याची पद्धत रुळली. विंचेस्टरच्या बिशपचे असे हिशेब १२०८-०९ पासून मिळतात. वर्ष २९ सप्टेंबरला, म्हणजे मायकेलमसला, सुगी आटोपल्यावर संपे. आधी जमा: मागील बाकी, खंड, धान्यविक्री, गावच्या न्यायसभेतील दंड. मग खर्च: नांगराचे लोखंड, गाड्यांची डागडुजी, मळणी, गवतकापणी, गड्यांची मजुरी. चर्मपत्राच्या मागच्या बाजूला धान्य आणि जनावरांचा स्वतंत्र हिशेब असे. हाती आलेल्या प्रत्येक मापाचा आणि प्रत्येक कोकराचा जबाब कारभाऱ्याने द्यावा, हा त्यामागचा हेतू. शेती नफ्यात आहे की तोट्यात, हे या मांडणीतून थेट समजत नाही. आजच्या वाचकाने या आकड्यांवरून घाईने उत्पन्न काढू नये, ते याचसाठी.

टेम्पलरांचे स्वतःचे असे हिशेब फारसे उरले नाहीत. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने १३ ऑक्टोबर १३०७ रोजी आपल्या राज्यातील टेम्पलरांना पकडले. त्यानंतर पोपचा आदेश निघाला आणि इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डलाही पाऊल उचलावे लागले. जानेवारी १३०८ मध्ये शेरीफांनी, म्हणजे परगण्यांतील राजाच्या अधिकाऱ्यांनी, टेम्पलरांना ताब्यात घेतले, त्यांच्या मॅनरवर, म्हणजे जमीनदारीच्या ठाण्यांवर, जाऊन मालाच्या याद्या केल्या आणि जमिनी राजाच्या नावे चालवायला घेतल्या. तेव्हा हिवाळा होता. गहू पेरून झालेला, कोठारात काही धान्य मळलेले, काही न मळलेले. म्हणून पहिला हिशेब वर्षाच्या मध्यातूनच सुरू होतो. पुढे हे सारे एक्सचेकरमध्ये, राजाच्या हिशेब कचेरीत, तपासले गेले आणि लांबलचक गुंडाळ्यांवर उतरवले गेले.

लॅटिनमधील या गुंडाळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटतात ती संघाबाहेरची माणसे. नांगरे, गाडीवान, मेंढपाळ, दूधदुभते पाहणारी बाई: ठराविक आठवड्यांना ठराविक धान्य हा त्यांच्या मोबदल्याचा मोठा भाग. मालक तुरुंगात गेले तरी ही कामे चालूच राहिली, कारण मेंढ्यांची वीण आणि ओटची पेरणी पोपच्या आदेशासाठी थांबत नाही. दात्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणाऱ्या पुरोहितांचे वेतनही खर्चात दिसते. शिवाय होते आश्रित. जमीन, पैसा किंवा आयुष्यभराची सेवा देऊन त्यांनी टेम्पलरांकडून मरेपर्यंत अन्नवस्त्राचे लेखी वचन घेतले होते. कोणाचे पान संघाच्या बंधूंच्या पंक्तीत, कोणाचे नोकरांच्या, हेही ठरलेले. जप्तीनंतर या लोकांना आपले दस्तऐवज घेऊन राजाकडे दाद मागावी लागली, आणि ज्यांचा हक्क पटला त्यांची तरतूद हिशेबात चढली. कैदेतील टेम्पलरांच्या निर्वाहासाठी सर्वसाधारणपणे दिवसाला चार पेनी या जमिनींच्याच उत्पन्नातून जात.

राजाला पैशाची आणि स्कॉटलंडच्या युद्धासाठी धान्याची निकड होती. त्यामुळे नव्या देखरेखीतील शेतीकडे पाहताना सावध राहावे लागते. कोठारे आणि गोठे रिकामे होत असतील, तर त्याचा दोष टेम्पलरांच्या कारभाराला देता येत नाही.

पोपने १३१२ मध्ये संघ विसर्जित केला आणि मालमत्ता हॉस्पिटलर या दुसऱ्या लढवय्या धर्मसंघाला दिली. एडवर्डने १३१३च्या अखेरीस हस्तांतराचा हुकूम काढला, तरी अनेक जमिनी सरदारांनी आणि मूळ दात्यांच्या वारसांनी धरून ठेवल्या. १३२४ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. हॉस्पिटलरांच्या इंग्लंडमधील प्रमुखाने १३३८ मध्ये आपल्या जमिनींचा अहवाल केला, त्यातही न मिळालेल्या टेम्पलर मालमत्तेची यादी आहे. पुढे १३८१च्या शेतकरी उठावात क्रेसिंगवर हल्ला झाला आणि लंडनच्या टेम्पलमधील, म्हणजे टेम्पलरांच्या तिथल्या जुन्या ठाण्यातील, दप्तरे जाळली गेली. राजाच्या कचेरीतील गुंडाळ्या मात्र शाबूत राहिल्या. कार्डिफच्या इतिहासकार हेलन निकोल्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या मॅनरनिहाय वाचायला घेतल्यापासून टेम्पलरांच्या इतिहासात मेंढपाळ आणि मळणी करणारे मजूरही आले आहेत.