यंत्रयुग आणि माणसाचे भले (कोल्हापूर परिसर)

वाफ, तेल आणि वीज यांवर चालणाऱ्या यंत्रांनी गेल्या अडीचशे वर्षांत माणसाचे काम, खाणेपिणे, घर आणि आयुर्मान बदलून टाकले. या बदलाने माणसाचे भले झाले की वाटोळे, हा प्रश्न इतिहास आणि अर्थशास्त्रात फार काळ गाजत आला आहे. प्रस्तुत नोंदीत तो कोल्हापूर जिल्ह्याच्या अनुभवातून मांडला आहे. मोट हाकलेली आणि जाते ओढलेली माणसे या जिल्ह्यात अजून हयात आहेत, आणि त्यांचीच नातवंडे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जातात. जुने आणि नवे आयुष्य येथे एकाच सोप्यात बसलेले सापडते.

वादाची पार्श्वभूमी

यंत्रांवर उभे राहिलेले पहिले मोठे शहर म्हणजे इंग्लंडातील मँचेस्टर. एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या आरोग्य अहवालात तेथील मजूरवर्गाच्या मृत्यूचे सरासरी वय १७ वर्षे दिले होते. रटलंड या शेतीच्या परगण्यातील मजुरांचे तेच वय ३८ होते. सरासरी एवढी खाली येण्याचे मुख्य कारण म्हणजे दाटीच्या वस्तीत पटापट दगावणारी लेकरे. पुढे शंभरएक वर्षांनी एरिक हॉब्सबॉम (१९५७) आणि मॅक्स हार्टवेल (१९६१) यांच्यात, त्या काळच्या मजुराच्या ताटात भर पडली की घट झाली, यावरून वाद रंगला. मजुराचे आयुष्य ठळकपणे सुधारले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गटारे झाली, स्वच्छ पाणी आले, कामाचे तास कायद्याने बांधले गेले, कामगारांच्या संघटना उभ्या राहिल्या. यंत्र आधी आले आणि भले त्याच्या मागून, भांडून मिळाले.

भारतात या वादाची दोन टोके महात्मा गांधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. गांधींनी १९०९ मध्ये यंत्रसंस्कृतीला माणसाला गुलाम करणारी म्हणून नाकारले. आंबेडकरांनी १९४५ मध्ये त्याच्या उलट बाजू घेतली: यंत्राखेरीज कष्टकऱ्याला फुरसत नाही, आणि फुरसतीखेरीज शिक्षण व संस्कृती नाही, यंत्राचे फायदे मूठभरांकडे जात असतील तर दोष समाजरचनेचा. कोल्हापूरकरांना हे टोक अधिक ओळखीचे वाटावे. २१ व २२ मार्च १९२० रोजी हातकणंगल्याजवळच्या माणगावात आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे हजर होते.

संस्थानातील सुरुवात

कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी त्यांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली आणि १९०६ मध्ये कापडाची गिरणी काढली, तीच शाहू मिल. भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम त्यांच्याच काळात सुरू झाले. पैशाअभावी ते रखडले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. याच राजाने १९०२ मध्ये मागास वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि १९१८ मध्ये महार वतने रद्द केली.

ही कामे इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, आणि त्यामुळे मुद्दा निसटतो. बलुतेदारीत कोणाच्या पोराने काय करायचे हे जन्मताच ठरलेले असे. गिरणी, रेल्वे आणि कारखाना यांनी त्या चौकटीबाहेर पोट भरण्याची वाट दाखवली. पण शाळा आणि राखीव जागा नसत्या तर त्या वाटेवरही जुनीच उतरंड उभी राहिली असती. कोल्हापुरात यंत्रयुगाने जे चांगले केले, ते बहुतांशी अशा जोडीमुळे झाले, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

मोट, जाते आणि उखळ

‘पूर्वीचे लोक सुखी होते’ हे वाक्य कोल्हापुरात पारावर रोज ऐकू येते. जुन्या दिवसाचे कष्ट मोजल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

मोटकरी पहाटे अंधारात उठून बैल जुंपायचा. नाडा आणि सोंदूर या दोरांवर पेललेली चामड्याची मोट विहिरीत सोडायची, भरली की बैल धावेवरून खाली हाकायचे, पाणी थारोळ्यात ओतले की बैल मागे सरकवत पुन्हा वर आणायचे. असे दिवसभर, शेकडो वेळा, आणि एवढे करून भिजायचे ते थोडेसे रान. बाई त्याच्याही आधी उठलेली असे. जात्याची पहिली घरघर कोंबडा आरवण्याच्या सुमारास सुरू होई आणि घरातल्या दहा-बारा तोंडांचे जोंधळ्याचे पीठ निघेपर्यंत थांबत नसे. जात्यावरच्या ओव्या मराठीचे वैभव आहेत यात शंका नाही. त्या ओव्यांत सासुरवास, थकवा आणि माहेराची ओढ एवढी का भरली आहे, हेही त्यांच्या चाहत्यांनी विचारायला हवे.

मोट थांबवली ती बऱ्याच अंशी कोल्हापूरच्याच कारागिरांनी. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावे शहरात अजून आदराने घेतली जातात. शिवाजी उद्यमनगरात तयार होणारे ऑइल इंजिन हँडल मारून सुरू करायचे; फटफट आवाज निघू लागला की पाटाला पाणी सुटे. इंजिनांचे सुटे भाग ओतता ओतता येथे फौंड्री उद्योग वाढला आणि आज कोल्हापूरची ओतीव कामे देशभरच्या वाहन कारखान्यांत जातात.

जात्याची जागा पिठाच्या गिरणीने घेतली, उखळ-मुसळाची डंकाने. चैत्र-वैशाखात कोल्हापुरातील कोणत्याही पेठेत कांडपाच्या दुकानापुढे डब्यांची रांग दिसते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची भाजून, खोबरे, तीळ, धणे, लसूण निराळे बांधून बायका वर्षाची चटणी करायला येतात. डंकाचे लोखंडी मुसळ विजेवर वरखाली आपटत राहते, दुकानात मिरचीची धग इतकी की नव्या माणसाला दारातच ठसका लागतो. आपल्या घरची चटणी दुसऱ्याच्या डब्यात मिसळू नये म्हणून प्रत्येकजण डोळ्यांत तेल घालून उभी असते. चव घरची, हात घरचे, प्रमाण सासूने शिकवलेले. यंत्राने फक्त खांद्याचे दुखणे काढून घेतले. यंत्र माणसाच्या कह्यात राहिले तर काय होते, याचे याहून साधे उदाहरण जिल्ह्यात दुसरे नाही.

आयुर्मानाचा हिशेबही याच बाजूला जमा होतो. १९११–२१ या दशकात, इन्फ्लुएंझाची साथ धरून, भारतात जन्मलेल्या मुलाचे अपेक्षित आयुष्य जेमतेम २० वर्षे होते. आता ते ७० च्या घरात आहे. प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या टाकण्याच्या कहाण्या कोल्हापुरात घरोघर सांगितल्या जात. आयुष्य वाढल्याचे सारे श्रेय यंत्राला देता येणार नाही. लस, नळाचे पाणी, दवाखाना आणि शिकलेली आई यांचा वाटा फार मोठा आहे. तरीही लस गावापर्यंत थंड ठेवून पोचवायला वीज आणि रस्ता लागतोच.

गूळ आणि चप्पल

सगळेच हस्तउद्योग चटणीसारखे नशीबवान ठरले नाहीत. गुऱ्हाळावर गुळव्याची नजर हेच मोजमाप असते: काहिलीतल्या रसाचा बुडबुडा, रंग आणि चिकटपणा पाहून तो पाक उतरवायला सांगतो. चुलवाणात चिपाड सारणारा जळव्या आणि रस निवळायला घातलेली भेंडी, या सगळ्यांतून गुळाचा पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, तयार होतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण ऊस साखर कारखान्यांकडे वळल्याने गुऱ्हाळे कमी होत गेली आणि जाणते गुळवे मिळेनासे झाले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचे काम सावकाशीचे, त्यामुळे स्वस्त यंत्रनिर्मित नकलेपुढे त्याची दमछाक होते.

शरीराची झीज

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळावर, बसवला. आता गावात लाखाच्या वर माग आहेत आणि ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ हे बिरूद अभिमानाने मिरवले जाते. चॅडविकचा तो १७ चा आकडा आठवला, तर या बिरुदातला दुसरा अर्थही ऐकू येतो. साध्या मागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. मजुरी पिकावर, म्हणजे कापडात पडलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, ठरते. पाळी बारा तासांची. स्वतः सूत न घेता व्यापाऱ्याच्या सुतावर कापड विणून देणारा खर्चीवाला छोटा मालक असतो, आणि मंदी आली की तोही मजुराइतकाच उघडा पडतो.

फौंड्रीत साच्याची वाळू झाडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते. तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, मात्र धूळ शोषणारी यंत्रणा आणि योग्य मास्क असेल तर तो टाळता येतो. हे काम आता मोठ्या प्रमाणात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली पोरे करतात. ती आजारी पडली की गावी परततात, आणि त्यांचा खोकला कोल्हापूरच्या हिशेबात धरला जात नाही.

उसाच्या फडात तर यंत्रयुगाचे दोन तुकडे शेजारी शेजारी दिसतात. कारखान्यात गाळप संगणकावर पाहिले जाते. फडात ऊस तोडणारे जोडपे ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. हार्वेस्टर आले आहेत. पण ज्या कष्टातून सुटका सर्वात आधी व्हायला हवी होती ते सर्वात शेवटी सुटत आहेत, आणि यात तंत्रज्ञानाची अडचण थोडी, मजूर स्वस्त असण्याची मोठी.

औद्योगिक जीवनाने माणूस सुधारला की बिघडला, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर न मिळण्याचे कारण येथे सापडते. सोय एकाच्या घरी जाते आणि झीज दुसऱ्याच्या अंगावर पडते. दोन्हींची सरासरी काढली की आकडा चांगला दिसतो.

पंचगंगा

सर्वाधिक झीज नदीची झाली. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, आणि गुप्त मानलेली सरस्वती, यांची मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. तेथून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ती शहराचे सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि कापड प्रक्रियेचे रंगपाणी पोटात घेते. उन्हाळ्यात पाणी काळे पडते आणि मेलेल्या माशांचा खच बंधाऱ्याला लागतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली, तीत माणसे गेली. खाली शिरोळ तालुक्यात दुसरे दुखणे: मुबलक पाणी आणि खतांवर वर्षानुवर्षे घेतलेल्या उसाने हजारो एकर काळी रानं क्षारपड झाली, आणि ती जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकून पुन्हा पिकाखाली आणण्याची धडपड चालू आहे.

पुराचे गणितही बदलले. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये पुन्हा तसेच. चिखली आणि आंबेवाडीची माणसे जनावरांसह बाहेर काढावी लागली. यंत्रयुगापूर्वी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावते आणि थोड्या दिवसांत फार पाऊस कोसळण्याची शक्यता वाढते. पूररेषेत झालेली बांधकामे आणि भराव यांची जबाबदारी मात्र स्थानिकच आहे.

पंचगंगेच्या काठी वसलेल्या कोल्हापूर शहराने पिण्याचे पाणी २०२३ पासून थेट काळम्मावाडी धरणातून नळाने आणले आहे. इचलकरंजीने वारणेचे पाणी मागितले तेव्हा वारणाकाठच्या गावांनी विरोध केला. नंतर दूधगंगेवरील सुळकूड योजना पुढे आली आणि कागल तालुक्यातून तिलाही विरोध झाला. दोन्ही वेळी काठच्या शेतकऱ्यांचा सवाल एकच होता: तुमच्या दारातली नदी तुम्ही साफ का करत नाही?